दिव्यातला डावा हात

१

दिवा लागला आणि त्याच्या निळ्या उजेडात एक हात दिसला.

काळा, पसरलेला, पाचही बोटं मोकळी. पलीकडून कुणीतरी दिव्याला तळवा टेकवून उभं आहे असंच वाटलं. पलीकडे नुसती भिंत होती. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंच्या हातातला कप बशीवर खडखडला आणि आमच्या साहेबांनी झटकन बटण बंद केलं.

तसा त्याला दिवा म्हणायला जीभ जरा अडखळते. बाळाच्या दुपट्याएवढा, दुपट्यासारखाच कुठंही मुडपणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तो. साधं प्लास्टिक वीज अडवतं. हे प्लास्टिक वीज वाहून नेतं आणि वर स्वतः उजळतं. कावीळ झालेल्या नवजात बाळांना निळ्या उजेडात ठेवतात ना, आईपासून लांब, पेटीत, डोळ्यांवर पट्टी बांधून? त्याऐवजी बाळाला या दिव्यातच गुंडाळायचं आणि आईच्या कुशीत द्यायचं, अशी ती कल्पना. डॉक्टरीणबाई तिच्यासाठी दोन वर्षं आमच्या मागे लागल्या होत्या. पूर्ण मापाचा दिवा आज पहिल्यांदाच लागत होता.

मी या कंपनीचा वकील. करार वाचणं आणि लोकांना नको ते लिहू न देणं हे माझं काम. मला या विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण हात मला कळतो.

"पुन्हा लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी नाइलाजाने लावला. हात तिथंच. लहानसा, नाजूक, बाईचा वाटावा असा. अंगठा आमच्या डाव्या बाजूला. माझ्यासमोर कुणी डावा हात उचलून तळवा दाखवला तर जसा दिसेल, अगदी तसा.

"डावा हात आहे," साहेब म्हणाले. आवाज अगदी हळू होता.

खोलीत मोजकीच माणसं होती. एकेकाची नजर फिरत फिरत टेबलाच्या टोकाशी जाऊन थांबली. तिथं धाकटी बसली होती. आमच्या शास्त्रज्ञांत सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. दिव्यातला उजेड देणारा थर तीच चढवते. समोर वही, हातात पेन.

पेन डाव्या हातात होतं.

२

"पत्र तयार करा," केबिनचं दार लावून साहेब मला म्हणाले. "कामावरून कमी. मुद्दाम नुकसान केलं म्हणून तक्रारही. चार वाजता मी सही करतो."

"पुरावा?"

"हाताचा ठसा यापेक्षा मोठा पुरावा असतो का? डावखुरी एकटी तीच. एवढा लहान हात तिचाच. आणि गेल्या महिन्यात माझ्याशी वाद घातला होता की दिवा अजून तयार नाही, दाखवू नका. मी ऐकलं नाही. घेतला सूड!"

"साहेब, असं पत्र गेलं तर तिला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. जन्माचं नाव खराब होईल पोरीचं."

"तिनं विचार करायला हवा होता."

माझं डोकं तापलं. माणूस चूक करतो, रागावतो, मला समजतं. पण चार वाजता कशाला? हॉस्पिटलची मंडळी जेवून परत चार वाजता यायची होती, त्यांच्यासमोर बळी द्यायचा होता म्हणून? मी सरळ सांगितलं, "बाहेरच्या जाणकाराचं मत असल्याशिवाय मी असं पत्र लिहीत नाही. उद्या ती कोर्टात गेली तर तोंडावर आपटू."

"आता दुपारी कुठून आणणार जाणकार?"

जाणकार बाहेर सोफ्यावर बसली होती आणि माझ्या नावानं बोटं मोडत होती.

ती माझी मावशी. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून सकाळी गाडीत घातली होती आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून बसवून ठेवली होती. मोतीबिंदू पिकत आलेला, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. रंगाच्या कारखान्यात तिनं उभा जन्म काढला. प्रयोगशाळेची प्रमुख होती. जहाजाचा, पुलाचा, गाडीचा रंग सुटला की तो का सुटला हे शोधून काढायचं. एका थरावर दुसरा थर का बसत नाही, एवढ्या एका प्रश्नावर तिचं पोट भरलं आणि आम्हा भाचरांची शिक्षणं झाली.

मी बाहेर आलो तेव्हा डॉक्टरीणबाई वाकून तिचा खाली पडलेला चष्मा उचलून देत होत्या. बुटक्या, चटपटीत बाई. नुकत्याच हात धुऊन आल्या होत्या आणि तळवे एकमेकांवर चोळत होत्या.

"थँक्यू हं," मावशी म्हणाली. "हात किती मऊ तुमचे! माझे बघा, खरखरीत कागद."

"दिवसातून पन्नासदा धुवावे लागतात. क्रीम लावलं नाही तर सोलून निघतील," त्या हसल्या. पण हसू टिकलं नाही. "आमची बाळं वाट बघताहेत हो. काय झालं असेल त्या दिव्याला?"

त्या गेल्या. मी मावशीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"गुंड्या," ती म्हणाली. वकील झालो, केस पिकले, तरी मी तिचा गुंड्याच. "डोळ्यांचा डॉक्टर कुठं पळून जात नाही. त्या पोरीला आधी भेटव. आणि चिकटपट्टीचं एक रीळ आण."

साहेबांनी मावशीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जाड भिंगं, काठी. काही बिघडणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

"बघू दे," ते म्हणाले. "चारपर्यंत."

३

धाकटी प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसली होती. रडून झालं होतं. आता नुसती चिडलेली होती, आणि ते मला बरं वाटलं.

"मी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "लावता येतच नाही. या, दाखवते."

आतल्या खोलीत काचेची मोठी बंद पेटी होती. तिच्या काचेत गोल भोकं आणि प्रत्येक भोकाला काळ्या रबराचा कोपरापर्यंतचा जाड हातमोजा. बाहेर उभं राहायचं, मोज्यात हात घालायचे आणि आतलं काम करायचं. आत ना हवा, ना ओलावा.

"मला दिसत नाही नीट," मावशी म्हणाली. "सांग, काय काय करतेस."

"आधी पारदर्शक प्लास्टिक येतं, वीज नेणारा थर लावलेलं. त्यावर मी माझा उजेडाचा थर चढवते. केसाच्या हजाराव्या भागाएवढा पातळ. हे सगळं पेटीत. मग त्यावर एक कोरं पारदर्शक कव्हर ठेवायचं आणि पेटीतूनच पलीकडे सरकवायचं. तिकडं कव्हर काढून वर धातू चढवतात. धातूची वाफ करून. सगळ्यात शेवटी झाकण, तेही फक्त कडांना चिकटवलेलं."

"धातू कोण चढवतं?"

"भट्टी." तिनं तोंड वाकडं केलं. "म्हणजे त्यांना आम्ही भट्टी म्हणतो. दिवा बिघडला की ते म्हणतात तुझा थर वाईट, मी म्हणते तुमचा धातू वाईट. रोजचंच आहे. भांडण नेहमी दोन थरांच्या मधल्या जागेचं. तिथंच सगळं बिघडतं आणि तिथं कुणालाच काही दिसत नाही."

"आमच्याकडेही हेच," मावशी खूश झाली. "हात दाखव तुझा. डावा."

धाकटीनं हात पुढे केला. मावशीनं तो चाचपून पाहिला. भेगाळलेला, कोरडा, एखाद्या गवंड्याचा असावा तसा.

"क्रीम नाही लावत?"

"इथं कामाला लागल्या दिवसापासून क्रीम, तेल, अत्तर सगळं बंद. क्रीममध्ये सिलिकॉन असतं. त्याचा कणभर अंश कुठं लागला तर थर धरत नाही. आई म्हणते, हात बघून कुणी तुला पंचविशीची म्हणणार नाही." ती हाताकडे बघत राहिली. "मावशी, या दिव्यासाठी मी हात असे करून घेतले. मी त्याच्यावर तेच हात ठेवीन?"

मावशीनं तो हात क्षणभर धरून ठेवला. मग म्हणाली, "कात्री आण. त्या दिव्याची करंगळी कापायची आहे."

४

भट्टी आला तो फणफणतच. उंच, हाडकुळा, खिशात नट आवळायचे चारपाच पाने आणि स्क्रूड्रायव्हर.

"माझ्या धातूवर ढकलणार ना आता? बाहेरून माणसं आणा, ढकला!"

"तुमचे हात बघू," मावशी म्हणाली.

त्यानं पंजा पुढे केला. दिव्यातल्या हाताच्या दीडपट. मावशी म्हणाली, "बसा. तुमच्यावर कुणी ढकलत नाही."

धाकटीनं दिव्याचं झाकण कडेनं उचललं आणि करंगळीचा तुकडा, आजूबाजूच्या चांगल्या भागासकट, कापून दिला. मावशीनं त्यावर चिकटपट्टी चिकटवली, नखानं घासली आणि सर्रकन ओढली. रंगवाल्यांची जुनी परीक्षा.

"गुंड्या, काय दिसतं?"

मी पट्टी उजेडात धरली. "पट्टीवर चमकणारा एक लांबट तुकडा आला आहे. बोटाएवढा. आणि बाकीची पट्टी कोरी."

"म्हणजे बोट होतं तिथलाच धातू सुटला. आजूबाजूचा घट्ट आहे. आता खाली बघ पोरी, तुझा थर?"

धाकटी भिंगातून बघत राहिली. "जसाच्या तसा. एक ओरखडा नाही."

"छान. म्हणजे पोरीचा थर नीट, यांचा धातू नीट. दोघांच्या मध्ये काहीतरी बसलंय. त्यानं धातूला धरू दिलं नाही, म्हणून तिथं वीज पोचली नाही आणि हात काळा दिसला. हात लागला तो हिचा थर चढल्यावर आणि यांचा धातू चढायच्या आधी. तेव्हा दिवा कुठं होता?"

"पेटीत," दोघं एकदम म्हणाली. आणि एकमेकांकडे बघू लागली. माझ्या मते दोघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

"पेटी उघडून कुणी हात घातला असेल?" मी विचारलं.

"अहो, फट जरी पडली तरी ओलाव्याचं मीटर बोंब मारतं. सगळी इमारत गोळा होते," भट्टी म्हणाला.

"आणि मोजा घालून?"

"एकेक मोजा म्हणजे सुरण आहे. एवढी नाजूक बोटं उमटतील का त्यातून?"

झालं. बंद पेटी, आत कुणाचा उघडा हात जाऊच शकत नाही, आणि आत हाताचा ठसा. घड्याळात तीन वाजून गेले होते. यातून धाकटी सुटत नव्हती, उलट जास्त अडकत होती, कारण साहेब म्हणणार, पेटीच्या सगळ्या खुब्या तिलाच माहीत.

कुणीतरी चहा आणला. मावशीनं कप तोंडाला लावला आणि वाफेनं तिचा चष्मा धुरकटला. ती चष्मा काढून पुसू लागली. पुसला, तोंडाजवळ धरून "हाऽ" केलं, पुन्हा पुसला, पुन्हा "हाऽ" केलं.

"काय ग, निघत नाही का?" मी म्हणालो.

तिनं चष्मा माझ्यासमोर धरला. भिंगावर वाफ धरली होती, पण एका जागी वेगळी. तिथं अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ दिसत होती. वाफ विरली आणि काच निर्मळ झाली. तिनं पुन्हा "हाऽ" केलं. अंगठा पुन्हा आला.

मावशीचा चेहरा एवढा उतरलेला मी पूर्वी एकदाच पाहिला आहे, आजोबांच्या शेवटच्या आजारात. तिनं कप खाली ठेवला.

"ती कव्हरं," ती धाकटीला म्हणाली. "पेटीत येण्याआधी ती कुठं असतात?"

५

"इथंच, बाहेरच्या खोलीत," धाकटी म्हणाली. "पाकिटात. पाकीट उघडलं की अख्खी चळत पेटीत जाते."

"आणि वापरून झाल्यावर?"

"कचऱ्यात. पेटीतल्या डब्यात."

"डबा कुठं आहे?"

"रिकामा झाला," भट्टी म्हणाला. "दिवा बंद केल्या केल्या साहेबांनी मला सांगितलं, पेटीतला कचरा आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. मी म्हटलं, इकडं आभाळ कोसळलंय आणि यांना केर काढायचा सुचतोय!"

धाकटीचे ओठ पांढरे पडले होते.

"म्हणजे गेलं ते," मी म्हणालो.

"कचरा गेला," भट्टी म्हणाला आणि एकाएकी ओशाळला. "कव्हरं नाही. म्हणजे... कोरी करकरीत कव्हरं असतात हो, एकदाच वापरून फेकायची जिवावर येतात. मी ती काढून घेतो. हत्यारांच्या खणात अंथरायला."

"तुम्ही माझी कव्हरं चोरता?" धाकटी ओरडली.

"फेकलेली!"

"भांडा नंतर," मावशी उठली. काठी न घेताच उठली. "खण दाखवा."

पाने, नट, तारा बाजूला सारून भट्टीनं खालची कव्हरं एकेक करून बाहेर काढली. मावशीच्या हातात दिलं की ती तोंडाजवळ नेऊन "हाऽ" करायची आणि मला दाखवायची. वाफ धरायची, विरायची. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर पान्याचे ओरखडे. तिसऱ्यावर काही नाही. धाकटी माझ्या दंडाला घट्ट धरून उभी होती, आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

पुढचं कव्हर मोठं होतं, पूर्ण मापाचं.

"तुम्ही सगळे करा," मावशी म्हणाली. "माझा दम संपला."

आम्ही तिघांनी वाकून एकदम श्वास सोडला. आणि त्या कोऱ्या प्लास्टिकवर, धुक्यातून वर यावा तसा, एक हात उमटला. पाची बोटं. लहान, नाजूक.

"अंगठा कुठल्या बाजूला?" मावशीनं विचारलं.

"डावीकडे," मी म्हणालो. "दिव्यासारखाच. डावा हात."

"मूर्खा, दिवा आपण पारदर्शक बाजूनं, म्हणजे थराच्या खालून बघतो, म्हणून दिव्यात तो समोरून तळवा दाखवत होता. इथं तू वरून बघतोयस, ज्या बाजूनं हात ठेवला त्या बाजूनं. ठेव बरं तुझा हात त्याच्यावर, न टेकवता. अंगठ्यावर अंगठा येऊ दे."

मी आधी डावा नेला. अंगठा उलट्या बाजूला. मग उजवा नेला. बोटावर बोट आलं.

"उजवा आहे," मी पुटपुटलो.

"रबरी शिक्का बघितलायस ना? शिक्क्यावर अक्षर उलटं, कागदावर सुलटं. दिव्याला कुणी हात लावलाच नाही. हात लावला या कव्हराला, बाहेरच्या खोलीत, उजवा. मग हे कव्हर उलटं होऊन थरावर बसलं आणि शिक्का मारल्यासारखं क्रीम तिकडं गेलं. उजव्याचा डावा झाला." ती धाकटीकडे वळली. "तू डावखुरी, ही तुझी फुटकी तकदीर. दुसरं काही नाही."

धाकटी खाली बसली. जमिनीवरच बसली आणि ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडली. भट्टी तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला.

"पण मग हात कुणाचा?" मी विचारलं.

मावशीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "चार वाजले का रे?"

६

वाजले होते. बैठकीच्या खोलीत हॉस्पिटलची मंडळी परत आली होती. साहेबांच्या पुढ्यात कोरा कागद होता, कारण मी पत्र दिलंच नव्हतं.

"झालं का तुमचं?" साहेबांनी मावशीला विचारलं. "या मुलीबद्दल जे काही आहे ते या सगळ्यांसमोरच होऊन जाऊ दे."

"होऊन जाऊ दे," मावशी म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "डॉक्टर, एक विचारू? बाळाला हात लावायच्या आधी तुम्ही काय करता?"

"हे काय विचारणं? हात धुते, चोळून ऊबदार करते. मग लावते."

"मोजे?"

"साध्या तपासणीला नाही घालत मी. त्या एवढ्याशा कातडीला काय लागतंय ते उघड्या हातालाच कळतं."

"आणि बाळाला गुंडाळायची वस्तू असेल तर?"

"तीही आधी हातानं बघते. टोचते का, गार लागते का. दुपटं असो, नळी असो..."

"डॉक्टर, आपल्याला उशीर होतोय," साहेब मध्येच म्हणाले. "हे तांत्रिक काही नाही, उगाच..."

"हा दिवा हातानं बघितला होता तुम्ही?" मावशीनं विचारलं.

"दिवा नाही हो. दिव्याला हात लावायचा नसतो, साहेबांनी सांगितलं होतं मला. त्यांनी फक्त त्याचं कव्हर दाखवलं. गेल्या आठवड्यात आले होते ना मी, सगळी जेवायला गेली होती तेव्हा. मी म्हटलं, बाळाच्या अंगाला कसं लागेल ते तरी बघू द्या. ते म्हणाले, दिवा असाच मऊ आहे, हे कव्हर बघा, याला काही होत नाही. मी हात दाबून बघितलं." त्यांनी उजवा हात टेबलावर पसरून दाखवला. "असा."

मी ते कव्हर त्यांच्यासमोर ठेवलं. आता कुणी काही सांगायची गरज नव्हती, पण धाकटी पुढे आली, वाकली आणि त्यावर श्वास सोडला. हात उमटला. डॉक्टरीणबाईंच्या पसरलेल्या हाताशेजारी तसाच हात. करंगळीचा किंचित बाक तोच. मावशीच्या चष्म्यावरचा अंगठाही त्यांचाच, मघाशी चष्मा उचलून देताना उमटलेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. त्यांना आत्ता कळलं. "माझं क्रीम? माझ्यामुळे? आणि सकाळपासून या मुलीला... अहो, मला विचारायचं ना कुणीतरी! मी लगेच सांगितलं असतं!"

"म्हणूनच नाही विचारलं," मावशी म्हणाली.

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कोऱ्या कागदाकडे बघत होते.

हा माणूस पहिल्यापासून वाईट नव्हता. बाहेरच्या माणसाला आतल्या सामानाला हात लावू द्यायचा नाही, हा नियम त्यानंच भिंतीवर लावला होता. एका दुपारी मोठेपणा मिरवायला तो मोडला. कव्हर फेकायचं, तर चळतीवर परत ठेवलं. इथवर मी त्याची बाजू कोर्टातही मांडली असती. पण धाकटीला त्यानं कुऱ्हाडीखाली ढकललं होतं, आणि त्या गोष्टीची बाजू माझ्याच्यानं मांडवली नसती.

"तुम्हाला केव्हा कळलं?" धाकटीनं विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"हात दिसला तेव्हाच," ते म्हणाले.

"आणि तरी तुम्ही डावा म्हणालात."

"डावाच दिसत होता," साहेब म्हणाले, आणि मग त्यांनाच ते ऐकवेना. मान खाली घालून ते म्हणाले, "हॉस्पिटलवाले हातचे जातील असं वाटलं. माझी चूक म्हटली तर सगळंच गेलं. तू लहान आहेस, तुला दुसरीकडे कुठंतरी..."

"कुठं?" ती म्हणाली. "तुमच्या त्या पत्रानंतर कुठं?"

मी साहेबांच्या पुढ्यातला कोरा कागद उचलून घेतला.

"सकाळी या खोलीत जेवढी माणसं होती तेवढी आत्ताही आहेत," धाकटी म्हणाली. "त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगा की तो हात माझा नाही. मला दुसरं काही नको."

साहेब उभे राहिले. एवढा मोठा माणूस, भाषणं ठोकणारा, पण वाक्य पुरं करायला त्याला दोनदा थांबावं लागलं. पण सांगितलं. सगळं सांगितलं, कव्हरापासून कचऱ्यापर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडली, क्रीमची ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. "नवा दिवा कधी होईल?" त्यांनी विचारलं. साहेबांना नव्हे, धाकटीला.

"महिना लागेल," ती म्हणाली. "घाई केली नाही तर."

"मग करू नकोस. आम्ही थांबतो."

धाकटीनं ट्यूब उचलून त्यांच्या हातात परत दिली. "हे ठेवा. बाळांना मऊ हातच बरे. फक्त इथं आलात की ते खिशात ठेवा."

७

मावशीचा मोतीबिंदू पुढच्या आठवड्यात काढला. पट्टी सुटल्यावर ती पहिलं काय बोलली असेल? "गुंड्या, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

कंपनीत हॉस्पिटलशी आणि प्रयोगशाळेशी बोलणं आता धाकटी करते. साहेब आहेत, पण पुढे पुढे येत नाहीत. भट्टी आणि धाकटी मधल्या जागेवरून रोज भांडतात. नवा दिवा झाला, डागाशिवाय झाला, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यात गुंडाळलेलं पहिलं बाळ आईच्या छातीशी निळं निळं उजळत निजलं, तो फोटो मी माझ्या टेबलावर ठेवला आहे. त्या बाळाचा माझा काही संबंध नाही, तरी ठेवला आहे.

जुना दिवा टाकून द्यायचा म्हणून साहेबांनी एकदा विषय काढला. धाकटीनं टाकू दिला नाही. करंगळी कापलेला तसाच, झाकण पुन्हा चिकटवून, तो तिनं बाहेरच्या खोलीत, साहेबांच्या नियमाच्या पाटीखाली टांगला आणि जोडून दिला. दिवसभर लागलेला असतो. आत येणारं प्रत्येक माणूस त्यासमोर थबकतं आणि विचारतंच, हा कुणाचा हात?

डॉक्टरीणबाईंचं नाव ती कधीच घेत नाही, साहेबांचंही नाही.

"माझा नाही," ती म्हणते, आणि कामाला लागते.